यूचा उजवा दांडा

धाहरानच्या मॅडमनी मला फसवलं. माझ्या हातून घडलेली अक्षरं त्यांनी नेली, त्यांचा फाँट केला आणि त्याखाली एकच नाव घातलं, स्वतःचं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागाचा भर गेल्या आठवड्यात होता. तेव्हा मी वर्कशॉपमधलं एक स्टूल लाथेने उडवलं आणि अंगठा सुजवून घेतला. आता सूज उतरली आहे आणि मी शांतपणे सांगतो आहे: फसवलं. मॅडमचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी माझं लिहिलं नाही, मी त्यांचं लिहीत नाही. तेवढी तरी बरोबरी.

गेल्या आठवड्यातच जेद्दात रुतूबा आली. रुतूबा म्हणजे दमट हवा. पण इथे तो एक मोसमच आहे. कडक उन्हाळा आता सरला असं वाटायला लागतं आणि एक दिवस समुद्रावरून ओला श्वास शहरात शिरतो. ढग नाही, पाऊस नाही, नुसता ओलावा. शर्ट घातल्या घातल्या पाठीला चिकटतो. मिठाची बरणी घट्ट होते. एसीच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा एकदम पांढरा होतो आणि माणूस दारातच आंधळ्यासारखा उभा राहतो. इमारतींच्या भिंतींवर एसीचं पाणी ठिबकत राहतं आणि त्याच्या खालच्या फरशीवर हिरवी रेघ उमटते. या वाळवंटात मी पाहिलेली शेवाळाची रेघ तेवढीच. ती दिसली की मला हर्णैचं बंदर आठवतं, नाना पेंटर आठवतात, आणि आठ वर्षांपूर्वीची ती रुतूबा आठवते, जिच्यात ती अक्षरं घडली.

गेल्या आठवड्यात एक दिवस मी असाच बाहेर पडलो. अल अझीझियात माझं बोर्ड बनवायचं वर्कशॉप आहे. पितळेची, स्टीलची, ॲक्रिलिकची अक्षरं करतो. दारात चष्मा धुकटला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत डोळ्यांवर ठेवला, आणि पहिलं काय दिसलं तर माझ्या मुलीच्या हातातला कॉफीचा कप. सानिका बारावीत आहे. कपावर सोनेरी अक्षरांत कॅफेचं नाव होतं, आणि त्या नावात एक यू होता.

"हा यू माझा आहे," मी म्हटलं.

"व्हॉट?"

"हा यू. मी केलाय हा."

"पप्पा, इट्स अ फाँट. फाँट किसी का नहीं होता."

"प्रत्येक फाँट कुणाचा तरी असतो. कुणीतरी बसून केल्याशिवाय अक्षर आकाशातून पडतं काय?"

आमच्या घरात मी मराठीत ओरडतो आणि मुलगी हिंदी-इंग्रजीत शांत राहते. तिने कपाचा फोटो काढला, फोनवर काहीतरी केलं आणि दोन मिनिटांत म्हणाली, "मिल गया." मग तिने वाचून दाखवलं. फाँट कोणी केला तर मॅडमनी. कशावरून सुचला तर लाल समुद्राच्या काठच्या प्रखर उजेडावरून. आणि खाली यूबद्दल एक आख्खा परिच्छेद: या अक्षराचा भार उजवीकडे का आहे, याचं कारण जेद्दातल्या एका कारागिराने सांगितलं.

एका कारागिराने.

त्यानंतर स्टूल.

ज्याला ही अक्षरं माहीत नाहीत त्याने भारी अत्तराची एखादी बाटली बघावी. त्यावरच्या अक्षराचा एक दांडा देवळाच्या खांबासारखा जाड असतो आणि दुसरा केसासारखा बारीक. टोकाला पातळ, आडवे पाय. जणू अक्षर टाचा जुळवून उभं आहे. दागिन्यांची दुकानं, बायकांच्या भारी अबायांची दुकानं, मोठी हॉटेलं, सगळ्यांना हेच वळण हवं असतं. का, हे मी इतकी वर्षं शोधतो आहे. भाजीवाल्याचा बोर्ड बघा. त्याची अक्षरं सगळीकडून सारखी जाड, ती लांबूनच ओरडतात. बारीक रेघेचं अक्षर ओरडत नाही. ते म्हणतं, तुला वाचायचं असेल तर तू जवळ ये. बाजारात जो दुकानदार हाका मारत नाही, गल्ल्यामागे बसून नखं बघत असतो, तोच सगळ्यात महाग असतो, हे मी आयुष्यभर घासाघीस करून शिकलो आहे. ही अक्षरं त्या दुकानदारासारखी आहेत.

पण ती बारीक रेघ आली कुठून? कुणाला सुचलं की एकच अक्षर अर्धं पहिलवान आणि अर्धं उपाशी असावं? त्याचं उत्तर मला बंदरावर मिळालं होतं, शाळा सोडली त्या वर्षी. नाना पेंटर होड्यांवर नावं रंगवायचे. मी त्यांचे डबे धरायचो. चपटा ब्रश असा ओढला की जाड रेघ, तसाच कडेवर उभा करून ओढला की बारीक. ब्रश तोच, रंग तोच. नाना म्हणायचे, "जाड-बारीक आपण करत नाय. ब्रशची पाठ आणि ब्रशची कड. आपण नुसतं वळायचं." देवनागरीत भार एका तिरपीने पडतो, इंग्रजीत दुसऱ्या. इंग्रजी ए काढताना डावी तंगडी बारीक, उजवी जाड. यूमध्ये डावा दांडा जाड, उजवा बारीक. एनचे दोन्ही उभे दांडे बारीक आणि मधली तिरपी जाड, हे मला पाठ करायला एक पावसाळा लागला. चुकलो की नाना ब्रशचा दांडा मनगटावर मारायचे.

त्यांची एक खोड होती. बारीक रेघ ते सरळ ओढत नसत. सुरुवातीला जरा दाबायचे, मधे हलकं, शेवटी परत दाबायचे. रेघेला कंबर असल्यासारखी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मीठ आणि ऊन आधी टोकं खातात. टोकांना दोन घास जास्ती ठेवायचे." एवढंच. पुढे मी मुंबईला गेलो, तिथून इथे आलो, आणि ही कंबर माझ्या हातात राहून गेली. नानांचं नाव मी कुठल्या बोर्डाखाली लिहिलं असं कुणी विचारेल. तो वेगळा खटला आहे. आज माझा चालू आहे.

तर आठ वर्षांपूर्वीची रुतूबा. माझं वर्कशॉप तेव्हा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कापायचं मशीन आणि दोन माणसं: मी आणि युसूफ. युसूफ दापोलीकडचा. पितळ डाग देऊन जोडण्यात त्याचा हात धरणारा मी अजून पाहिला नाही, आणि जिभेचा धरणाराही. त्या शेडमध्ये एक दिवस मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या. नवरा धाहरानला तेलाच्या कंपनीत इंजिनियर, कंपनीच्या वसाहतीत घर. स्वतः अक्षरांचं काम शिकलेल्या. जेद्दातल्या एका अत्तरवाल्याने त्यांना दुकानाच्या नावाचं वळण करायला सांगितलं होतं आणि बोर्ड करायला कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. खांद्यावर कागदाची लांब गुंडाळी, चष्मा धुक्याने पांढरा. दारात उभ्या राहून त्यांनी पुसता पुसता विचारलं, "इथे मराठी बोलतं का कुणी?"

"बोलतात," युसूफ म्हणाला, "पण हे बोलत नायत, भांडतात."

गुंडाळी टेबलावर उघडली आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. इतकी देखणी अक्षरं मी तोवर हाताळली नव्हती. सात अक्षरांचं नाव. वरच्या ओळीत अरबी यायचं होतं, त्याशिवाय बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, बोर्डाला परवानगी देत नाही; ते एका सीरियन बुवांनी लिहून दिलं होतं आणि त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. खाली ही इंग्रजी. जाड दांडे भरदार, आणि बारीक रेघा अशा की कागदावर केस पडलाय असं समजून मी फुंकर मारली.

"ही रेघ किती, मॅडम?"

"एक मिलिमीटर."

"एक मिलिमीटर म्हणजे पितळ नाही. पितळेची आठवण."

त्या हसल्या. "मग किती?"

"तीन."

"दादा, तीन केलं तर अक्षर लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसेल."

"बँडवाला निदान रस्त्यावर पडत नाही. ही रेघ पडेल."

"सव्वा."

"अडीच. त्याच्या खाली नाही. खलास."

मी खलास म्हटलं की भले भले उठून जातात. या बाईने खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "खलास म्हणजे आता सुरू, ना?" मी तिच्याकडे पाहिलं. ही पुण्याची असून बाजार ओळखते, असं मनात आलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंद झाला. नुसतं हो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात काय चव?

तीन आठवडे ही घासाघीस चालली. त्या विमानाने येत, दोन-तीन दिवस दिराकडे राहत, परत जात. फोनवरही तेच. "दादा, दीड." "नाही." "दादा, काल रात्रभर विचार केला, दीडच." "मॅडम, झोपत जा." एका मिलिमीटरसाठी दोन शहाणी माणसं इतकी भांडतात हे बघून युसूफला हसून हसून उचक्या लागायच्या. शेवटी मी म्हटलं, भांडून काय उपयोग, उन्हालाच विचारू. पितळेच्या सात पट्ट्या कापल्या, एक मिलिमीटरपासून तीनपर्यंत, आणि शेडच्या कठड्याला उभ्या बांधल्या. मग रस्त्यापलीकडून बघायचं.

ते बघणं मला अजून दिसतं. दुहरच्या, म्हणजे दुपारच्या बांगेला दुकानांची शटरं धडाधड खाली येतात, रस्ता मोकळा होतो, आणि आम्ही तिघं, छे, युसूफ नमाजला जायचा, आम्ही दोघंच समोरच्या फुटपाथवर उभे. भर दुपारी पहिल्या तीन पट्ट्या नाहीशाच व्हायच्या. ऊन रेघ खातं. दोन्ही कडांनी कुरतडत येतं आणि मधलं पितळ संपवून टाकतं. असरच्या वेळी, ऊन कललं की, त्याच पट्ट्या परत यायच्या, जणू कुठे जाऊन आल्या. दमट दिवशी हवाच दुधासारखी असायची, त्यात दोनचीसुद्धा थरथरायची. मॅडम वहीत लिहून घ्यायच्या. मी विचारायचो, एकच रेघ दिवसातून तीनदा जाड-बारीक होते, तर खरी रेघ कुठली? त्या म्हणायच्या, "दादा, हे मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं." मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं. अक्षरं करायची, लावायची, पुढच्या कामाला यल्ला. अक्षराकडे असं उभं राहून बघायचं असतं, हे मी त्या फुटपाथवर शिकलो. घाम डोळ्यांत जायचा, पण हलावंसं वाटायचं नाही.

एका दुपारी मी म्हटलं, "दीड मिलिमीटर करू. पण माझ्या पद्धतीने." आणि नानांची कंबर काढून दाखवली. मधे दीड, टोकांना सव्वादोन. शिवाय रेघ समोरून बारीक पण मागे खोल, सुरी कडेवर उभी केल्यासारखी, म्हणजे वाकायची नाही. सकाळी पट्टी बांधली. दुपारी रस्त्यापलीकडून ती एकसारखी, सरळ आणि बारीक दिसत होती. कंबर दिसतच नव्हती. उन्हाने टोकं तेवढी खाल्ली होती.

मॅडम रस्ता ओलांडून गेल्या आणि पट्टीवरून बोट फिरवून आल्या. मग विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"कुठे शिकणार? हातातनं येतं."

हे मी असं का बोललो, ते राहू द्या.

आता यू. बोर्डाचं पितळी अक्षर कसं करतात ते सांगतो. पत्र्यातून अक्षराचा चेहरा कापायचा. तो टेबलावर पालथा ठेवायचा. त्याच्या पाठीला कडेकडेने पट्टी डागायची, म्हणजे अक्षराला खोली येते. पालथं ठेवायचं, हे महत्त्वाचं. आर किंवा एस उलटा डागला तर आंधळ्यालाही कळेल. पण ए, एम, यू ही अक्षरं दोन्हीकडून सारखी असतात, ती आम्ही बोर्डवाले न बघता उचलतो. साध्या वळणात काही बिघडत नाही. या वळणात मात्र एक बाजू जाड आणि एक बारीक. मी यूचा पत्रा उचलला, हातांनी वर्षानुवर्षं केलं तेच केलं, आणि पट्टी चेहऱ्याच्या बाजूला डागून टाकली. कापताना मागच्या बाजूला राहते ती खरखर पुढे आली तेव्हासुद्धा डोक्यात उजेड पडला नाही. आज मशीन नीट कापत नाही असं म्हणून कानस फिरवली आणि पॉलिश मारलं.

बोर्ड चढला. अत्तरवाला खूश. तो जेद्दाचाच, जुन्या घराण्यातला, म्हणाला, "माशाल्ला, मुअल्लिम!" मुअल्लिम म्हणजे उस्ताद. दुसऱ्या सकाळी दुकानाचं उद्घाटन. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, वळलो, आणि बोर्ड वाचला. यूचा जाड दांडा उजवीकडे होता.

युसूफ शेजारी येऊन उभा राहिला. "भाव, यू उलटा मारलास काय?"

"गप. मुद्दाम केलंय."

"तुझं मुद्दाम मला म्हाईत हाय."

तेवढ्यात टॅक्सीतून मॅडम उतरल्या. चष्मा पुसला, वर पाहिलं. डोकं जरा कललं. "दादा, यू."

माणूस अडचणीत आला की जे सुचतं ते कुठून येतं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. मी म्हटलं, "बघा मॅडम. यूच्या पुढे ए येतो. यूची उजवी रेघ बारीक, एची डावी तंगडी बारीक, दोन बारक्या शेजारी शेजारी, त्यात एची तिरपी पोकळी. भर उन्हात तिथे भगदाड पडलं असतं. दात पडल्यासारखं. म्हणून यूचा भार उजवीकडे घेतला."

त्या बघत राहिल्या. मीही बघायला लागलो. आणि गंमत अशी की मी म्हणालो ते खरं होतं. थाप मारता मारता माझ्या तोंडून खरं निघालं होतं. यूचा जाड दांडा एच्या तिरपीला खांदा देऊन उभा होता आणि सातही अक्षरं एका दमात वाचली जात होती.

"कमाल आहे, दादा," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो आहे: चूक आधी झाली आणि कारण मागून आलं, तर ती चूकच राहते का? की कारण सापडलं त्या क्षणी ती कला होते? कधी वाटतं, जगातलं सगळं जाड-बारीक असंच आलं असेल. कुणाचा तरी हात वळला, आणि मग कुणीतरी शहाण्यासारखं कारण सांगितलं.

हे सगळं गेल्या आठवड्यात डोक्यात घोळत होतं. अंगठ्याला बर्फ लावून बसलो होतो. युसूफ म्हणाला, "फोन कर की तिला. पण बग, नाव पायजे तर चूक पण नावावर घ्यावी लागल."

तिथेच घोडं अडलं होतं. ती अक्षरं माझी, याचा माझ्याकडे कागद नाही, करार नाही. पुरावा एकच: तो यू. जगात कुठल्याही शिकलेल्या माणसाने यूचा भार उजवीकडे नेला नसता. तो माझ्या चुकीचा ठसा आहे. आणि तो माझा म्हणायचा तर चुकला म्हणून सांगावं लागणार. आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो, पत्रा बघून उचल. तरी फोन केला.

"दादा! अहो, किती वर्षांनी!" आवाजात इतका खरा आनंद होता की माझा अर्धा राग तिथेच सांडला. उरलेला घट्ट धरून ठेवला.

"मॅडम, कॉफीच्या कपावर माझा यू बघितला."

"हो ना! सगळीकडे वापरतात आता तो फाँट. मी जिथे बोलायला जाते तिथे तुमचा यू दाखवते. उन्हात लावलेल्या पट्ट्यांचे फोटोसुद्धा."

"कुणाचा म्हणून दाखवता?"

"जेद्दातल्या एका कारागिराचा."

"कारागिराला नाव असतं. यशवंत."

त्या हळूच म्हणाल्या, "दादा, मी विचारलं होतं. विमानतळावर जाताना, तुमच्या गाडीत. मी म्हटलं, सव्वीसच्या सव्वीस अक्षरं करणार आहे, तुमचं नाव घालू ना? तुम्ही म्हणालात, नको नको, नाव कशाला."

हे मी विसरलो होतो असं नाही. सांगायचं टाळत होतो. तेव्हा माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एका बांधकामवाल्याच्या नावावर होता आणि त्यावर माझा पेशा लिहिला होता, टाइल बसवणारा. टाइल बसवणाऱ्याचं नाव अक्षरांखाली छापून आलं आणि कुणी त्या बांधकामवाल्याला, माझ्या कफीलला, विचारलं, तर मी पुढच्या विमानात. आज सगळे कागद सरळ आहेत. पेशा बरोबर आहे, वर्कशॉप रीतसर आहे. तेव्हा नव्हतं. म्हणून नको म्हणालो. त्यांना हे कारण सांगितलं नाही, कारण पुण्याच्या बाईपुढे ते सांगायची लाज वाटली.

"नको म्हणालो होतो," मी कबूल केलं. आणि मग, एवढं झालंच आहे तर म्हणून, दुसरंही सांगून टाकलं. "मॅडम, तो यू मुद्दाम नव्हता. उलटा डागला होता मी. नंतर थाप मारली."

त्या हसल्या. हसायला लागल्या त्या थांबेचनात. "दादा, मला माहीत होतं."

"काय?"

"बाकी सहा अक्षरांच्या कडा गुळगुळीत होत्या. यूच्या पुढच्या कडेवर कानशीचे ओरखडे होते. तीन आठवडे तुमच्या शेडमध्ये बसले होते मी. खरखर पत्र्याच्या कुठल्या बाजूला राहते ते मला कळत होतं. उलटा डागलाय, हे टॅक्सीतून उतरताच कळलं. पण तुम्ही सांगितलेलं कारण इतकं बरोबर होतं की मला चूक नको होती, ते कारण हवं होतं."

मी फोन ठेवला. रागाने नाही. युसूफने विचारलं, "काय म्हणाली?" मी दार उघडलं. बाहेर जाऊन उभा राहिलो. चष्मा पांढरा झाला. पुसला नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे, आणि जितकी घोळवतो तितकी मला ती पक्की वाटते. त्या म्हणतील, दादा, तुम्हीच नको म्हणालात. हो, म्हणालो. पण अडीचच्या खाली नाही असंही मीच म्हणालो होतो. खलास म्हणालो होतो. त्या माझ्या खलासपुढे खुर्ची ओढून बसल्या होत्या. तीन आठवडे माझ्या प्रत्येक नाहीला त्यांनी फोन केले, विमानं पकडली, उन्हात उभ्या राहिल्या, आणि शेवटी माझ्याकडून दीड मिलिमीटर काढून नेला. माझं "नाही" किती पाण्यात असतं, हे या देशात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. माझी थापसुद्धा त्यांनी कानशीच्या ओरखड्यावरून ओळखली.

मग मॅडम, मला एवढंच सांगा. धाहरानहून सांगा, जेद्दाला येऊन सांगा, वाटलं तर त्या फाँटच्या खाली लिहून सांगा. एका मिलिमीटरसाठी तीन आठवडे माझ्याशी भांडलात. नावाची वेळ आली तेव्हा पहिल्याच नकोला "बरं" का म्हणालात?